चूलबंद आवतन

गावच्या आशा सेविका सरजाबाईच्या फोनवर गंगाखेडच्या चुलतभावाचं, महारुद्रचं, आवतन आलं. पत्रिकेचा फोटो नव्हता, उघडायची फाईल होती. खाली लिहिलेलं, ‘चूलबंद आवतन’. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नात जेवायचं. असल्या आवतनाला नाही म्हणणारी बाई मानवत तालुक्यात अजून जन्मायची आहे! फोननं बिचाऱ्यानं हटकलं. ही फाईल घेऊ का? घे. मेसेज वाचू देऊ का? दे बाबा. सगळे नंबर बघू देऊ? अगं माय, एका पत्रिकेला किती नखरे! सरजाबाई ‘होय’ दाबत गेली. पत्रिका काही उघडली नाही.

थोड्या वेळानं महारुद्रचाच फोन. “अक्का, आमच्याकडं कुणाचंच लगीन न्हाई. माझ्या नावानं ती फाईल सगळ्याला जायलीय. उघडू नको, लोकांचे खात्यातले पैसे जायलेत!”

सरजाबाई फोन घेऊन शेजारी धावली. शेजारच्या नागसेन मास्तरांनी तिचा फोन बघितला आणि कपाळावर हात मारला. “तुमच्या नावानंबी गेली की, सगळ्या बायांला!” त्यांनी फोन तिथंच बंद केला.

या बाया म्हणजे गावातल्या गरोदर लेकीसुना. सरजाबाईनं पाठवलं की उघडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. गावातल्यांना दारोदार जाऊन सांगून झालं. पण बबिता राहायची नदीकडं, शेतातल्या आखाड्यावर, रानातल्या खोपटात. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. या खेपेला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून नवरा-बायकोनं पैपै करून बँकेत टाकलेले. मास्तरांच्या फोनवरून लावला, तर उचलेना. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे तिला शिकवलं कुणी? सरजाबाईनंच. घ्या आता!

बाई चपला हातात घेऊन कापसातून पळत सुटली. उघडू नको गं माझे बाई, उघडू नको.

बबिता बाजेवर बसलेली, फोन हातात. “बरं झालं आलात अक्का. पत्रिका उघडंना. अन् हे बँकेचे मेसेज कशाचे यायलेत एकामागं एक?”

सरजाबाईनं फोन हिसकावून बंद केला. तिला धाप लागली होती, रडू येत होतं. “बबिते, कशाला होय दाबलंस गं?”

“फोन इचारत व्हता की, पाठवणाऱ्यावर भरवसा हाय का म्हणून,” बबिता म्हणाली. “तुमचं नाव बघितलं अन् दाबलं.”