शेपटीचा डाग

बापाच्या हातचं काम चुकलंय, हे बापाला सांगायचं कुणी आणि कोणत्या तोंडानं? लुंबिनी कालपासून ह्याच एका गोष्टीनं पोखरून निघाली होती. आता उदगीर-देगलूर एसटीत, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली काच घेऊन बसली होती, पण बसली कसली, नुसती तळमळत होती. रस्ता तर असला, की खड्ड्यांतून रस्ता हुडकावा. गाडीनं हिसका दिला, की पोरगी गोधडीत हात घालून वरच्या दोन्ही कड्या चाचपायची.

"काय सारखं चाचपून राहिलीस?" शेजारून मारोती म्हणाले. "माझ्या हातचा डाग हाय तो. निम्म्या उदगीरचे रेडिओ ह्या डागावर बोललेत."

"हाव, बाबा," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

खोटं काय होतं त्यात? मारोती रेडिओवाल्याचं नाव एके काळी देवणीपर्यंत होतं. पुढं रेडिओ गेले, मग टीव्ही गेले, आणि दोन-तीन सालांपासून हातालाही कंप सुटला. दुकानाचं शटर पडलं. डाग द्यायची, म्हणजे सोल्डरनं जोडायची विद्या मात्र पोरीकडे आली. हैदराबादेत रंगीत काच जोडायचं शिकून आल्यावर ती बापाच्याच सोल्डरिंग आयर्ननं काम करू लागली. काचेच्या प्रत्येक तुकड्याला तांब्याची पट्टी गुंडाळायची, तुकडे शेजारी मांडायचे, सांध्यात वितळलेलं सोल्डर भरायचं. बाहेरची कड गोलसर भरली, की शेवटी टांगायच्या कड्या. एवढंच ते काम, पण शेवटी सगळं ओझं त्या दोन कड्यांवर येतं.

ही काच साधीसुधी नव्हती. निळ्या आभाळावर पिंपळाचं हिरवंगार पान. लुंबिनीची आई सुमनबाई गेल्याला साल झालं, आज तिच्या माहेरी, देगलूरच्या विहारात, पुण्यानुमोदन होतं. तिच्या नावानं हे पान विहाराच्या खिडकीत लागणार होतं, आणि बरोबर त्या खिडकीखाली रोज लेकरांचा अभ्यासवर्ग बसतो.

"काच तुझी," मारोतींनी आधीच बजावलं होतं, "पर कड्या मी लावणार. तिच्या नावाचं हाय. माझा हात लागायलाच पायजे."

ती हो म्हणाली होती. उभं राहून जागा दाखवू, असा तिचा हिशोब. पण काल एका गिऱ्हाइकाच्या कामाला ती लातूरला गेली, आणि येऊन बघते तर काय, कड्या लागलेल्या! म्हातारा शेजारच्या कमलम्मांना बोलावून दाखवत होता, "बघा, हात अजून हाय म्हटलं!" एवढं फुललेलं तोंड तिनं आईच्या मागं पहिल्यांदाच पाहिलं.

रेडिओची रीत वेगळी असते. टोक टेकवायचं, सोल्डरचा कण ठेवायचा, झटकन हात उचलायचा, नाहीतर पार्ट जळतो. मारोतींनी कड्याही तशाच लावल्या. दोन्ही कोपऱ्यांत, जिथं कुठला सांधा येऊन मिळत नाही अशा जागी, नुसत्या पट्टीवर एकेक ठिपका. रेडिओतल्या तारेला वजन कुठं असतं? इथं चार-पाच किलोची काच. तिनं हळूच नख लावून बघितलं तर पट्टी सुरकुतली. सांगावं तर बाप मोडतो, न सांगावं तर काच लेकरांच्या डोक्यात पडते. इकडं आड, तिकडं विहीर. घरी गुपचूप दुरुस्त करावी तर म्हातारा काचेजवळून हलेना. म्हणून तिनं आयर्न, सोल्डर, पकड, तांब्याची पट्टी आणि तार पिशवीत टाकली आणि वर जेवणाचा डबा ठेवला.

विहारात पोचल्या पोचल्या धम्मानंदमामा शिडी घेऊन तयारच. "आण गं, लावून टाकू. भंतेजी यायलेत."

"थांबा मामा, पुसायची हाय."

"पुसलेलीच तर हाय की!"

"न्हाई, धूळ बसली एसटीत," ती म्हणाली आणि गोधडीसकट मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत शिरली. तिथं बटण दाबलं तर लाईट नाही. आता काय करावं, कपाळ! ती दाराशी जायची, बटणाकडं यायची, पुन्हा दाराशी. बाहेर सतरंज्या अंथरल्या जात होत्या. मामांनी कुठूनसा जुना रेडिओ काढून मारोतींपुढं ठेवला होता, आणि ते त्याचं पाठीमागचं झाकण उघडत होते. तेवढं एक बरं झालं.

लाईट आली, पंखा फिरला, तशी ती कामावर तुटून पडली. पकडीनं कडी नुसती पिळली, तर पट्टीसकट हातात आली. दुसरीही तशीच. नवी पट्टी लावली, वरच्या कडेवर सांध्यापासून सांध्यापर्यंत तांब्याची तार बसवली, ती कड्यांतून ओवली, आणि सगळं सोल्डरखाली गडप केलं. कड्या होत्या त्याच जागी. मग शेवटी, बापाला कळू नये म्हणून, प्रत्येक कडीवर त्याच्यासारखाच एकेक ठिपका ठेवला. लहानपणी दुकानात स्टुलावर बसून तिनं हजारदा पाहिलेला, ज्वारीच्या दाण्यासारखा गोल.

मामा शिडीवर चढले. लुंबिनीनं काच वर उचलली.

"थांब," मारोती आले. "एकदा बघू दे."

त्यांनी चष्मा पुसला. एका कडीवरून अंगठा फिरवला, मग दुसरीवरून. मग कडी धरून जोरात ओढली. कडी हलली नाही.

"धम्मानंद, पक्की हाय. टांग बिनघोर."

काच खिडकीत चढली. हिरवा उजेड सतरंजीवर पडला आणि बायका "सुमनबाईचं पान, सुमनबाईचं पान" करत जवळ आल्या. त्या गलक्यात मारोती लेकीच्या कानाशी आले.

"इतका गोल डाग मला आता जमत न्हाई, माय. हात उचलताना कापतो. माझ्या डागाला शेपटी येते."

लुंबिनीनं वळून खिडकीतल्या कड्यांकडं पाहिलं. काल कड्या बघितल्या, जागा बघितली, पट्टी बघितली, पण शेपटी काही तिच्या ध्यानात आली नव्हती. ती आपल्या लहानपणीच्या बापाचा डाग काढून बसली होती.

"बाबा, मी सांगणार होते..."

"कधी? काच पडल्यावर?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तिला लागायचं ते लागलं. "पोरं बसत्यात खाली. माझी लाज राखायची म्हणून तू एसटीभर मुकी बसलीस व्हय? लाईट आली नसती तर?"

लुंबिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

मारोतींनी पानाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आयर्न गरम हाय का अजून?"

"हाय."

"आण मग. खालच्या कडेला, जिथं वजन न्हाई, तिथं एक माझा लावतो. शेपटीचा का होईना."

भंतेजी आले होते, लोक बसायला लागले होते. तिनं लांब वायर जोडून आयर्न खिडकीपर्यंत आणलं. बापाच्या मनगटाला आधाराचा हात लावावा असं तिला फार वाटलं, पण तिनं लावला नाही. मारोतींनी टोक टेकवलं, कण ठेवला आणि हात उचलला. डागाला शेपटी आली.

"आली बघ," मारोती म्हणाले, आणि जाऊन सतरंजीवर बसले.