दारावरचा माणूस

थोरल्याला लोंबकळणारी गोष्ट बघवत नसे. शर्टाचा सुटलेला दोरा, अर्धवट लावलेला ड्रॉवर, कपाटाबाहेर डोकावणारा कागदाचा कोपरा, काहीही दिसलं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्याने एकतीस वर्षं काढली ती याच स्वभावावर. हातात आलेल्या प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली बारीक सही, आणि मग कागद आपल्या जागी. घरीही तोच खाक्या. किराणाच्या यादीवरसुद्धा तो तारीख टाकायचा. "एक दिवस मलाही तारीख टाकून कपाटात ठेवतील," असं वहिनी येईल त्याला सांगायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या.

धाकटा त्याच हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचा. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. थोरल्याने कॉलेज सोडलं, नोकरी धरली, याला शिकवलं आणि पुढे साहेबांच्या दारात चार वेळा उभा राहून इथे चिकटवलंही. हे सगळं धाकट्याला पाठ होतं. थोरला त्याची आठवण कधी चुकूनही काढत नसे, आणि नेमकं तेच धाकट्याला टोचायचं. बोलून दाखवलं असतं तर निदान चिडता तरी आलं असतं.

दीड वर्षापूर्वी हॉस्पिटलचं नेटवर्क नव्याने उभारायचं ठरलं आणि आराखडा धाकट्याकडे आला. तो काढून झाला त्या संध्याकाळी हा पठ्ठ्या कागद घेऊन थेट थोरल्याच्या स्वयंपाकघरात. वहिनींनी चहाचे कप बाजूला सरकवले आणि टेबलावर कागद पसरला गेला.

"हे चौकोन कसले?" थोरल्याने विचारलं.

"स्विच. समज, तुझी रेकॉर्ड रूम आहे. आत दहा माणसं बसलीत. स्विच म्हणजे त्या खोलीतला शिपाई. कोण कुठल्या खुर्चीवर बसतं ते त्याला तोंडपाठ. कागद दिलास की सरळ नेऊन देतो. पण एखाद्याची खुर्ची माहीत नसली, तर खोलीभर ओरडत सुटतो. सगळ्यांना ऐकावं लागतं."

"आणि हे गोल?"

"राउटर. तो दारावरचा माणूस. आतले चेहरे त्याला माहीत नसतात, त्याला पत्ता कळतो. कागद कुठल्या खोलीचा आहे ते बघून तो पुढच्या दाराकडे धाडतो. आणि खरं काम म्हणजे, आतली ओरड तो बाहेर जाऊ देत नाही. तुझ्या खोलीत कितीही गोंधळ होऊ दे, ऑपरेशन थिएटरला पत्ता लागत नाही."

थोरल्याने चष्मा वर सरकवला. "आणि दारंच काढून टाकली तर? सगळी मिळून एकच मोठी खोली?"

"मग तळघरात एकाने बोंब मारली की सगळं हॉस्पिटल बहिरं."

"मग दारं हवीतच," थोरला म्हणाला, जणू त्यालाच ती बसवायची होती. त्याने तो कागद ठेवून घेऊ का असं विचारलं. धाकट्याच्या कॉम्प्युटरवर तो होताच. थोरल्याने कोपऱ्यात तारीख टाकली, स्वतःची सही केली आणि पेन धाकट्यापुढे धरलं. धाकट्याने हसत हसत सही ठोकली. भावाला आपलं काम कळलं याचा त्याला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता.

आठ दिवसांनी तोच आराखडा प्रशासकांच्या टेबलावर गेला. प्रशासक म्हणजे गोड बोलून माणसाचा मामा करणारा माणूस.

"एवढी नाकाबंदी कशाला हो?" त्यांनी गोलांवरून बोट फिरवलं. "सलग करा सगळं. कुठलाही कॉम्प्युटर उचलून कुठेही ठेवला की चालला पाहिजे. विश्वस्तांना असं सुटसुटीत आवडतं."

"साहेब, पण एका मजल्यावर काही बिघडलं तर..."

"तर बघू की. बरं, विभागप्रमुखाची जागा निघतेय. कानावर आलं असेल."

आलं होतं. धाकट्याने उघडलेलं तोंड मिटलं. संध्याकाळी त्याने एकेक करून सगळे गोल पुसले, राहिलेले चौकोन एकमेकांना जोडले आणि नवा आराखडा जुन्याच नावाने, जुन्याच्याच जागी ठेवून दिला. जुना गेला. पुढे महिनाभराने थोरल्याने सहज विचारलं, "बसली का रे दारं?"

"बसली," धाकटा म्हणाला. एवढं एक बोलायला काहीच लागलं नाही.

मग तो सोमवार आला. आधीच्या आठवड्यात धाकट्याने तळघरातल्या रेकॉर्ड रूममधला एक कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला होता आणि त्याची वायर तशीच सोडली होती. एक टोक टेबलाखालच्या लहानशा स्विचमध्ये, दुसरं जमिनीवर. "उद्या काढतो," म्हणाला. थोरल्याने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा "हो हो, बघतो." सफाईवाल्या बाईंचा झाडू त्यात अडकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात ती यायची. सोमवारी सव्वादहाला थोरला गुडघ्यावर बसला, टेबलाखाली वाकला आणि ते मोकळं टोक त्याच स्विचच्या एका मोकळ्या खोबणीत नीट बसवून टाकलं. टक् असा आवाज आला. त्याला बरं वाटलं.

वायरची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली, म्हणजे शिपाई स्वतःचीच ओरड ऐकून पुन्हा ओरडायला लागला. एकदा, हजारदा, थांबायचं नावच नाही. मोठ्या स्विचमध्ये हे ओळखायची सोय असते, टेबलाखालच्या त्या स्वस्तातल्या डब्यात नव्हती. आणि दारावर कोणी नव्हतंच. पाच मिनिटांत सातही मजले ठप्प झाले. रक्ताचे रिपोर्ट वर पोचेनात, एक्स-रे उघडेनात, नोंदणीच्या खिडकीपुढे रांग जिन्यापर्यंत गेली. दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. एका बाईला स्ट्रेचरवरून उतरवून दुसऱ्या हॉस्पिटलला न्यावं लागलं, आणि तिचा मुलगा प्रशासकांच्या दारात उभा राहून इतका ओरडला की ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं.

धाकटा चार तास वेड्यासारखा धावत होता. सगळंच एक, मग ओरड कुठून येतेय ते कळणार कसं? तो वरून एकेक मजला नेटवर्कपासून तोडत खाली आला. तळघर तोडलं आणि स्विचवरचे लुकलुकणारे दिवे शांत झाले. टेबलाखाली वाकून त्याने वायर बघितली आणि तिथेच उकिडवा बसून राहिला.

"ही कोणी लावली?"

"मी," थोरला म्हणाला. "लोंबकळत होती." मग भावाच्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "म्हणजे... हे सगळं त्यामुळे? अरे पण आमच्या खोलीपुरतंच व्हायला हवं ना? तू तर म्हणालास दारं बसली."

धाकट्याने वायर उपटली आणि हाताभोवती गुंडाळायला लागला. ती नीट गुंडाळली जाईना. 

चौकशी गुरुवारी होती. बुधवारी प्रशासकांनी दार लावून घेतलं. "काय लिहिताय कारण?"

"वायर कारण आहेच साहेब. पण मूळ म्हणाल तर..."

"मूळ आराखड्यात असेल तर आराखडा तुमच्या सहीचा. आधीचा काही कागद आहे?"

"नाही."

"मग एकतर आराखडा चुकला, म्हणजे तुम्ही चुकलात. नाहीतर कोणीतरी परवानगीशिवाय हात लावला. लावलाच आहे ना? मी खोटं लिहा म्हणत नाही."

खोटं लिहायला सांगत नव्हते हे खरंच. धाकट्याने रात्रभर स्वतःला तेच समजावलं. वायर लावली होती, ती थोरल्यानेच लावली होती, त्याने स्वतः कबूल केलं होतं. शिवाय त्याच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत, आपलं आख्खं आयुष्य पुढे आहे. पोरं लहान आहेत. माणसाला स्वतःचीच बाजू मांडायची असली की किती मुद्दे सुचतात!

गुरुवारी लांब टेबलाच्या पलीकडे तीन विश्वस्त आणि प्रशासक, अलीकडे थोरला. त्याच्या मांडीवर एक तपकिरी फाइल होती, नाडी बांधलेली, वर तळहात ठेवलेला. धाकट्याने उभं राहून अहवाल वाचला. त्यात "रेकॉर्ड विभागातील एका कर्मचाऱ्याने" असं तीन वेळा आलं.

विश्वस्तांमध्ये एक वयस्क बाई होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "एका वायरने सातही मजले बंद पडतात? मध्ये अडवणारं काही नसतं का?"

दार आयतं उघडलं होतं, धाकट्याने नुसतं पाऊल टाकायचं होतं. थोरल्याची बोटं फाइलच्या नाडीवर गेली. तिची गाठ त्याने सोडली आणि मान वर करून भावाकडे बघितलं. धाकट्याला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्याने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हटलं, "अशा छेडछाडीपुढे कुठलाही आराखडा टिकत नाही, मॅडम."

थोरल्याने नाडी पुन्हा बांधली.

"तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

"वायर मीच लावली," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

त्याला कामावरून कमी केलं. एकतीस वर्षांचा निरोप एका ओळीच्या पत्राने झाला, आणि त्या पत्रावर तारीख टाकायला प्रशासकांचा कारकून विसरला होता. दोन महिन्यांनी धाकटा विभागप्रमुख झाला. "पुन्हा असं होऊ नये म्हणून" त्याने राउटर मागितले आणि ते विनातक्रार मंजूर होऊन बसलेसुद्धा. ज्या गोलांना तेव्हा नाकाबंदी म्हणाले होते, त्यांचंच प्रशासकांनी भर बैठकीत कौतुक केलं. धाकटाही हसला. त्या हसण्याची त्याला दिवसभर किळस येत राहिली.

त्या संध्याकाळी तो थोरल्याकडे गेला. चौकशीनंतर पहिल्यांदाच. दार वहिनींनी उघडलं. एरवी "या भाऊजी" म्हणत चहाचं आधण ठेवायच्या. आज आत वळून एवढंच म्हणाल्या, "अहो, हॉस्पिटलचे साहेब आलेत."

थोरला टेबलापाशी बसला होता. "बस," म्हणाला. धाकटा बसला. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी तोच म्हणाला, "दादा, दारं बसवली. सगळ्या मजल्यांना."

"चांगलं झालं," थोरला म्हणाला. तो उठला, कपाटातून ती तपकिरी फाइल काढून त्याने टेबलावर ठेवली आणि नाडी सोडली. आत एकच कागद होता. चौकोन होते, गोल होते. उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली दोन सह्या.

धाकट्याने स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "हा... हा त्या दिवशी तुझ्याजवळ होता?"

"होता."

"मग दाखवला का नाहीस? सुटला असतास ना तू!" त्याचा आवाज चढला. राग नक्की कोणाचा येतोय ते त्यालाच कळत नव्हतं. "मला वाचवायला गप्प बसलास? कोणी सांगितलं होतं तुला?"

"माझ्यासाठी आणलाच नव्हता," थोरला म्हणाला. "मला वाटलं, तू खरं सांगशील. सांगितलंस की साहेब तुला खोटं पाडणार, पुरावा मागणार. तेव्हा तुझ्या हातात काहीतरी असावं, म्हणून आणला होता."

आतल्या खोलीत वहिनींचं कपड्यांच्या घड्या घालणं थांबलं होतं.

थोरल्याने कागद उचलला, त्याच्या कडा जुळवल्या आणि भावापुढे सरकवला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आता माझ्याकडे याला जागा नाही."