पाळण्यामागची भिंत

चेट्टाच्या नव्या घरात सडक्या अंड्यांचा वास यायला लागला तेव्हा सगळ्यांनी पहिलं बोट माझ्याकडे दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला जरा अभिमानच वाटला.

चेट्टा माझी धाकटी बहीण. तिचा नवरा एमिल नुनेझ. त्याच्या लाडक्या बोटीवर ‘फुकट घेऊन जा’ अशी पाटी लावणारा मीच. त्याच्या पन्नाशीला भांडी घासायच्या स्पंजांवर क्रीम थापून केक करणारा मीच. सुरी चालेना म्हणून तो पाहुण्यांसमोर दात-ओठ खात होता, तो फोटो अजून माझ्या दुकानात लावलाय. आमच्या मेरो गावात ‘सारो कुठे असतो?’ असं विचारलं की लोक आधी खिसे चाचपतात आणि मग माझं खेकडे-कोळंबीचं दुकान दाखवतात. तेव्हा नव्या घरात घाण वास आला आणि मी त्या घराच्या आसपास होतो, म्हणजे कोर्टकचेरीची गरजच नाही.

“कुठे ठेवलंयस?” एमिल विचारायचा.

“काय?”

“जे सडतंय ते.”

“एमिल, आईशप्पथ, या खेपेला मी नाही.”

“या खेपेला!” असं म्हणून तो पडद्यांच्या नळ्या काढून फुंकून बघायचा. एसीच्या जाळ्या उघडून बघितल्या. फ्रिज पुढे ओढला. काही नाही.

कॅटरीना वादळानंतर ती माणसं दोन वर्षं सरकारी ट्रेलरच्या डब्यात राहिली होती. जुनं घर छपरापर्यंत पाण्यात गेलेलं. एमिलने ते पाडलं आणि त्याच जागेवर नवं उभं केलं. लाकडाची चौकट, वायरिंग, भिंतींचे जिप्सम बोर्ड, एकेक स्क्रू त्याच्या हातचा. त्या काळात सगळा परगणाच घरं बांधत होता. बोर्ड मिळायचे नाहीत. मिळेल त्या ट्रकमधून मिळेल तो माल उचलायचा. घर झालं तेव्हा एमिल भिंतींवरून हात असा फिरवायचा, जसा कुणी घोड्याच्या पाठीवरून फिरवतं.

वास आला तसा बाकीचाही त्रास सुरू झाला. चेट्टाच्या नाकातून रक्त यायचं. एसी दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा आतलं तांब्याचं वेटोळं, म्हणजे कॉइल, बदललं. टीव्ही गेला. माझी भाची जेनेल, नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर म्हणून बाळंतपणाला आईकडे आलेली, तिचं डोकं उठायचं. घराबाहेर पडली की बरं, आत आली की पुन्हा. “दिवस गेलेत, डोकं दुखणारच,” असं चेट्टा म्हणायची.

पोर सातव्या महिन्यातच आलं. ऑगी. माझ्या तळहाताएवढा, काचेच्या पेटीत. मी त्याचा पारां, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातात घेऊन उभा राहणारा धर्मपिता. त्याला चांदीचा पेला दिला. आमच्या आजीचा, वादळाच्या आधी मी बँकेत ठेवलेला म्हणून वाचलेला. चेट्टाने तो पाळण्याशेजारच्या फळीवर ठेवला, आणि आठवड्याभरात तो पार काळा पडला.

“सारो,” चेट्टा फोनवर रडत होती, “पोराच्या बाबतीत तरी चेष्टा करायला नको होतीस रे. आजीचा पेला म्हणून पत्रा दिलास?”

हे मात्र मला लागलं. मी तो पेला घेऊन थेट सोनाराकडे गेलो. त्याने घासला, तपासला आणि म्हणाला, “शुद्ध चांदी आहे. तू हा गंधकाच्या खाणीत ठेवला होतास का?”

मी हसलो. गाडीत येऊन बसलो आणि हसू थांबलं. पेला पोराच्या खोलीत होता. पोर दोन दिवसांनी त्याच खोलीत यायचं होतं. डॉक्टरांनी जेनेलला सांगितलं होतं, फुप्फुसं कच्ची आहेत, घरची हवा स्वच्छ पाहिजे.

मी आजीचे दोन चमचे चकचकीत घासले. एक माझ्या घरी ठेवला, दुसरा गुपचूप पाळण्याच्या गादीखाली सरकवला. पोर येणार त्या दिवशी दुपारी गेलो आणि काढला. कडेने तपकिरी-काळा. माझ्याकडचा जसाच्या तसा.

एमिल त्याच खोलीत होता, पाळण्याचा एक पाय डगमगत होता तो घट्ट करत. मी दोन्ही चमचे त्याच्यापुढे धरले.

“एमिल, या खोलीच्या हवेत काहीतरी आहे. बाकी सगळं तू उघडून बघितलंयस, म्हणजे भिंतीतूनच येतंय. पोराला इथे आणू नकोस.”

त्याने चमच्यांकडे बघितलंसुद्धा नाही नीट. “अंड्याचा बलक लावलास?”

“नाही रे.”

“बलक लावून ठेवला की चांदी काळी होते. शाळेत असताना तूच शिकवलं होतंस मला.”

ते खरं होतं. च्यायला, मीच शिकवलं होतं.

“बरं, चमचे गेले खड्ड्यात. एसी दोनदा गेला. चेट्टाचं नाक. जेनेलचं डोकं. हे सगळं काय मी करतोय?”

“माझ्या भिंती वाईट आहेत असं म्हणायचंय तुला?”

“एक बोर्ड उघडून बघ. एकच. नंतर मी स्वतः बुजवून देतो.”

“सारो.” तो उठून उभा राहिला. एमिल ओरडला की मला बरं वाटतं. तो हळू बोलायला लागला की पळायची वेळ झाली असं समजायचं. “दोन वर्षं त्या पत्र्याच्या डब्यात झोपलो मी. माझा नातू आज घरी येतोय. आज तू मला माझीच भिंत फोडायला लावणार, मी मूर्खासारखा फोडणार, आणि तू दुकानात माझा आणखी एक फोटो लावणार. निघ इथून.”

दारात चेट्टा येऊन उभी राहिली होती. “सारो, पाया पडते, आज जा. जेनेल निघालीये हॉस्पिटलमधून. आत्ताच फोन आला.”

“संध्याकाळी येणार होती ना?”

“लवकर सोडलं. पोहोचेलच इतक्यात.”

जेनेल पोराला घेऊन आत आली, पाळण्यात ठेवलं, सगळे भोवती जमले की संपलं. चेट्टाच्या मांडीवरून पोर काढून घेऊन ‘हवा वाईट आहे’ म्हणणाऱ्या सारोचं कोण ऐकणार? मी खरं बोलत होतो आणि माझ्याच घरची माणसं माझ्या खिशात फटाका शोधत होती. मग लक्षात आलं. यांना माझं खरं पटत नाही; खोटं मात्र ताबडतोब पटतं.

मी मान खाली घातली. ही मान कशी घालायची ते मला चांगलं येतं.

“ठीक आहे,” म्हटलं. “मीच.”

“काय मीच?”

“वास. तू बोर्ड ठोकत होतास, आठवतं? जेवायला बाहेरच्या ओट्यावर गेला होतास. मी कोळंबीची डोकी एका बरणीत भरली, वरून पाणी घातलं, झाकणाला सुईएवढं भोक पाडलं आणि ठेवली भिंतीच्या आत. भोक बारीक असलं की बरणी वर्षभर पुरते.”

चेट्टाने तोंडावर हात ठेवला. एमिलचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग असा काही रंग आला की तो मी याआधी फक्त उकडलेल्या खेकड्यावर बघितलाय.

“कुठे?”

मी पाळण्यामागे बोट दाखवलं. “स्विचच्या खाली.”

तो गॅरेजमध्ये गेला आणि हातोडी घेऊन आला. खोटं नाही सांगत, ती भिंतीवर पडणार की माझ्या टाळक्यावर, हे शेवटच्या क्षणापर्यंत माझं मला कळत नव्हतं. मी भिंतीला चिकटून बाजूला झालो. त्याने पाळणा ओढला, खोलीचा मेन स्विच पाडला आणि घाव घातला. निळा रंग फुटला, आत हातोडी गेली. त्याने कडेला बोटं घालून बोर्ड ओढला. मोठा तुकडा आला आणि त्याबरोबर असा भपकारा आला की चेट्टा बाहेर पळाली.

एमिलने आत हात घातला. खाली चाचपला. बाजूला चाचपला.

“बरणी कुठाय?”

मी वाकून भोकात डोकावलो.

“सारो, बरणी कुठाय?”

“तार बघ, एमिल.”

चौकटीवरून स्विचकडे वायर जात होती. तिच्यातली अर्थिंगची तांब्याची उघडी तार एमिलने स्वतः ओढली होती, नवी, लालभडक. ती आता काजळीत बुडवून काढल्यासारखी काळी झाली होती. त्याने अंगठ्याने घासली. अंगठ्याला काळं लागलं.

“हे तू कसं केलंस?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. मी काहीतरी सांगावं, अशी त्याची इच्छा दिसत होती. रंग लावला म्हण, शाई ओतली म्हण.

“बरणी नाही एमिल. कधीच नव्हती.”

त्याने हातातला बोर्डाचा तुकडा नाकाशी नेला. हुंगला. दूर धरला, पुन्हा हुंगला. मग हातोडी घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिथला मेन पडल्याचा खटका ऐकू आला, मग दोन घाव. मी धावत गेलो. तिथल्या भोकातली तार नव्या नाण्यासारखी चमकत होती.

“हे पहिल्या ट्रकमधले बोर्ड,” तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलत होता. “मग ते संपले. झोपायच्या खोल्यांना दुसऱ्या ट्रकमधले. जड होते. मी म्हटलं, जड आहेत म्हणजे चांगले. चांगले म्हणून पोराच्या खोलीला मुद्दाम…”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा, खुशीतला.

एमिल हलेना. मीच पुढे धावलो. जेनेल गाडीतून उतरली होती. दुपट्यात गुंडाळलेलं पोर छातीशी धरून ती ओट्याच्या पायऱ्या चढत होती.

“जेनेल, थांब. आत येऊ नकोस.”

“मामा, आज नको हं,” ती हसत म्हणाली. “दारावर बादली लावलीत ना? बाबा! मामाला धरून ठेवा!”

“अगं, खरंच थांब. घरात विषारी वास आहे.”

“आहेच तो. तुमच्याच कृपेने.” तिने माझ्या बगलेखालून वाट काढली. दाराच्या मुठीवर तिचा हात पडला. मी तिचा दंड धरला, तशी ती खरोखरच चिडली. “मामा, सोडा! पोर आहे हातात!”

तेवढ्यात दार आतून उघडलं.

एमिल उंबऱ्यात उभा होता. केसांत, भुवयांत, शर्टावर सगळीकडे पांढरी भुकटी. हातातला बोर्डाचा तुकडा खाली पडला तरी त्याला कळलं नाही.

“मागे हो,” तो म्हणाला.

“बाबा, तुम्हीपण सामील?”

“जेनेल, गाडीत जाऊन बस.”

ती आधी हसली. मग तिने त्याचा चेहरा नीट बघितला. एमिलला आयुष्यात एकही चेष्टा कधी जमलेली नाही. खोटं बोलताना त्याचे कान हलतात. आत्ता ते हलत नव्हते. ती एक पायरी उतरली, मग दुसरी.

“पण मग आम्ही कुठे जायचं?”

“माझ्याकडे,” मी म्हटलं. “वरची खोली रिकामी आहे. जुनं घर आहे, जुन्याच भिंती.”

“किती दिवस?”

एमिलने चेट्टाला बाहेर घेतलं, मागे दार ओढलं आणि किल्ली फिरवली. नव्या कुलपात किल्ली अडकली, दोनदा फिरवावी लागली.

जेनेलने नाइलाजाने दुपटं थोडं उघडलं आणि पोराला पुढे केलं. “निदान हातात तरी घ्या, बाबा. इतके दिवस काचेतूनच बघताय.”

एमिलचे दोन्ही हात पुढे आले, आणि अर्ध्यातच थांबले. त्याने आपल्या भुकटीने माखलेल्या तळव्यांकडे बघितलं. मग तो मागे सरकला, पायरीच्या कठड्याला पाठ लागेपर्यंत.

“नको,” तो म्हणाला. “माझ्या अंगावर भिंत आहे.”