जादाचा तक्ता

"सर, मतदार सहाशे बारा असतील, तर मतं सातशे चाळीस कशी पडतात?"

हा प्रश्न भर वर्गात विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैजेला नाही म्हणेन ती मी कसली! त्यातून सर म्हणजे माझेच बाबा. आम्हाला गणित शिकवतात, आणि निवडणुकीत आमच्याच शाळेतल्या मतदान केंद्राचे प्रमुख होते. वर्गात खसखस पिकली. बाबांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढचं उदाहरण घ्या."

संध्याकाळी आई दारातच उभी. "चारचौघांत बापाची अब्रू काढलीस? जीभ आहे की कात्री?"

"अगं, साधा प्रश्न होता! बाबा, सांगा ना."

बाबांनी बूटसुद्धा काढले नव्हते. तसेच खुर्चीत बसून सांगायला लागले. मतदानानंतर मोजणी केंद्रावरच होते, ती संपेपर्यंत सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून निकालाच्या तक्त्यावर केंद्रप्रमुख सकाळीच सह्या करून ठेवतात. एक खराब झाला तर असावा म्हणून दोन कोऱ्या तक्त्यांवर. सगळेच करतात. त्या संध्याकाळी बाबांनी एकावर खरे आकडे भरले. दुसरा कुणीतरी उचलला, त्यावर हवे ते आकडे भरले, आणि तोच वर गेला.

"मग उद्या कोर्टात हेच सांगा! हरलेल्या पक्षानं केस घातलीय ना? मी येते सोबत. शाळेला दांडी!"

"मी आज लिहून दिलं," बाबा म्हणाले. "आकडे बरोबर आहेत म्हणून. तुमच्या तासानंतर जिंकलेल्या पक्षाचे दोघंजण आले होते."

"धमकी दिली?"

"छे. चहा घेतला. तुझ्या आईची नोकरी कुठल्या सरकारी दवाखान्यात, तिची बदली किती लांब होऊ शकते, एवढंच बोलले."

आईला हे माहीत नव्हतं.

"पण तो पक्ष चोर आहे, बाबा!"

"दुसरा कुठं साव आहे? मागच्या खेपेला त्यांनी हेच केलं."

"तेव्हा केंद्रावर कोण होतं?"

बाबा बुटाची नाडी सोडायला वाकले, ते वाकलेलेच राहिले. आई म्हणाली, "पुरे आता. हातपाय धू."

मला ओरडायचं होतं. शेवटी अगदी हळू बोलले, पण दोघांनाही नीट ऐकू गेलं.

"उद्या मी तुकडी बदलून घेतेय. बाबांच्या वर्गात मी बसणार नाही."