यानकाकांचं पितळी पदक

आमच्या शांघायच्या नाणेबाजारात शेजारच्या काउंटरवर सौदा चालू असला की आपण तोंड उघडायचं नाही. माल खोटा निघाला तर घेणाऱ्याची नजर कच्ची, आणि एकदा पैसे गेले की माल परत नाही. इतकी वर्षं मी मुकाट पाळलं हे. परवा मोडलं, आणि मोडून मिळालं काय? कप्पाळ!

यानकाका माझ्या शेजारच्या, बावच्या काउंटरवर भिंग घेऊन वाकले होते. निवृत्त बसड्रायव्हर, आमच्याच गल्लीतले, राहायला सहाव्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून काकू खाली उतरलेल्याच नाहीत, भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर ओढतात. आता कुठे सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून बाहेरच्या भिंतीला लिफ्ट लावायचं ठरवलंय. उंचावर राहतात म्हणून काकांचा वाटा सर्वांत मोठा, आणि तो सगळा त्या दिवशी त्यांच्या फोनमध्ये होता. पदक घ्यायचं, वसंतात दुपटीने विकायचं, वाटा भरून वर चार पैसे उरवायचे, असा हिशेब.

बावने पदक काउंटरवरच्या फेल्टच्या कापडावर ठेवलं. हातातून हातात कोणी देत नाही इथे. पडलं तर पाडलं कोणी, हा वाद नको. तळहाताएवढं पितळी पदक, नदीवरच्या जुन्या पुलाच्या आठवणीसाठी टाकसाळीने काढलेल्या मोजक्या नगांपैकी एक. काकांनी ते उचलून उजेडात धरलं तशी मी जवळ जाऊन वाकले. पदकावरच्या पुलाच्या कमानीखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. ठशाखाली दाबून काढलेल्या पदकाला असले खड्डे पडत नाहीत. हा साच्यात ओतलेला माल होता.

"काका, खाली ठेवा ते. खोटं आहे."

काका खुशीत हसले. "आलीस का? म्हटलंच, ही अजून नावं ठेवायला कशी आली नाही!"

"अहो, ओतीव आहे. खड्डे बघा ना."

"बरं, खड्डे. आणि वजन कमी? रंग उडालेला? बोल, बोल."

आता काय करावं या माणसाला! आमच्याकडे ज्याला वस्तू हवी असते तोच तिला आधी शिव्या घालतो. गेल्याच वर्षी काकांच्या देखत मी एका पदकाची अशीच लाज काढून ते निम्म्यात उचललं होतं, वर त्यांना डोळाही मारला होता.

"मिनताईंनी सकाळीच मागितलं होतं हे," बाव माझ्याकडे न बघता चहा ओतत म्हणाला. "मी नाही दिलं."

"थोबाड फुटेल हं तुझं, बाव! काका, ते लिफ्टचे पैसे आहेत!"

"बघ, कशी लाल झाली," काका बावला म्हणाले. "हिला फारच हवंय."

मग मला वाटलं, उलटं बोलून बघू. शिव्या म्हणजे हाव, तर स्तुती ऐकून तरी बिचकतील. मी म्हटलं, "बरं बाबा, खरं आहे. एक नंबर माल आहे. घ्या, घेऊन टाका."

काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. "शेवटी आलं ना मनातलं ओठांवर! तू म्हणतेस तर झालंच." मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी बावच्या पैसे भरायच्या कोडवर फोन धरला, आणि बावच्या फोनमधून पैसे आल्याची घंटी वाजली.

काकांनी तिथूनच घरी फोन लावला, आवाज मोठा करून. "अगं, घेतलं! मिनने स्वतः सांगितलं, खरं आहे म्हणून."

"मिन म्हणाली? मग काळजी नाही."

मी त्यांच्या हातातला फोन तोंडाशी ओढला. "काकू, खोटं आहे हो ते! माझ्या लेकराची शपथ घेऊन सांगते. यांना म्हणावं, बावच्या पाया पडा, पण पैसे परत घ्या."

पलीकडे काकू खळखळून हसल्या. "अगं, लेकराची शपथ कसली घेतेस एवढ्याशासाठी! वसंतापर्यंत थांब. दुपटीने तूच विकत घे, मग लिफ्ट झाली की मीच खाली येऊन तुझं तोंड गोड करीन."