रिकामा परतलेला वाडगा

२०२३ सालचा मोहरम जुलैच्या अखेरीला आला होता. माझी नात अर्फा त्या वर्षी जर्मनीहून सुट्टीला रहिमतपूरला आली आणि आल्या दिवशीच सांगून मोकळी झाली, की ती आता परत जाणार नाही.

ती तिकडे समाजशास्त्रात पीएच.डी. करत होती. राहायची ते गाव कोळशाच्या खाणींचं. खाणी बंद पडल्या, तरणी माणसं निघून गेली, तुर्कस्तानातली, सीरियातली माणसं येऊन राहिली. अशा गावात शेजार कसा बदलतो, हा तिचा विषय. तिच्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंधातलं मुख्य प्रकरणच परत केलं होतं.

"चार वर्षं युरोपात राहून वाडग्यावर लिहिलंस?" तिचा बाप, माझा मुलगा वाजिद, म्हणाला. त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. "आपल्या गल्लीत भांडी कमी होती व्हय?"

अर्फाला हसू आलं नाही. त्याचं असं झालं होतं, की ईदला तिने शेजारच्या एर्नाबाईंना काचेचा वाडगा भरून शीरखुर्मा दिला. ऐंशी पार केलेली एकटी बाई. तिने त्याच संध्याकाळी वाडगा धुऊन, पुसून परत केला. रिकामा. अर्फा वाचत होती त्या सिद्धांतात होतं, की देणं, घेणं आणि परत देणं या तीन गाठींनी समाज बांधलेला असतो. तिने लिहून टाकलं, की इथे तिसरी गाठ सुटली आहे. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतात.

"मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरातला कायदा तू माझ्या मुलखाला लावलास," अर्फा म्हणाली. "त्यांचं खरंच असेल, दादी. मला तिथलं काही कळतच नाही. मी साताऱ्यात नोकरी बघते."

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, समाजशास्त्राचं मला काही ठाऊक नव्हतं. पण पोरगी आतून विझली होती एवढं दिसत होतं.

मोहरमला आम्ही गुळाचे चोंगे तळले. पहिला डबा नेहमीप्रमाणे शेजारी लीलाबाईंकडे गेला. लीलाबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून आमच्या डब्यांची ये-जा आहे. दोन्हीकडच्या सासवा गेल्या, घरांची कौलं जाऊन स्लॅब आले, डबे चालू राहिले. त्या दिवशी मात्र लीलाबाईंची सून अंकिता दुपारीच आली, डबा कट्ट्यावर ठेवून काही न बोलता गेली. मी उघडून पाहिला. रिकामा.

"सांगलीच्या फ्लॅटातली पोरगी," मी अर्फाला म्हणाले. "तिला काय रीतभात. साखर महाग झाली का काय त्यांच्याकडे."

अर्फा डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादी, तुम्ही तिला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"हेच. मीही एर्नाबाईंना विचारलं नव्हतं."

तिने मला हाताला धरून शेजारी नेलं. अंकिताने दार अर्धंच उघडलं. डोळे सुजलेले.

"आजी, आत नका येऊ. सुतक हाय आमाला. शिराळ्याचे चुलतसासरे पहाटे गेले. आई आन् ह्ये तिकडंच गेलेत."

"अगं, मग सांगायचं तरी."

"तुमच्या दारात मोहरमाच्या दिवशी कसं सांगू? आन् सुतकातलं काय घालून देऊ डब्यात? आई मला बोलल्या असत्या."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पन्नास वर्षं सुतक पाळणाऱ्या घराशेजारी राहून माझ्या मनात ते आलं नव्हतं. डबा रिकामा होता, तो आमच्या घराला काही लागू नये म्हणून.

घरी येताच अर्फाने जर्मनीला फोन लावला. एर्नाबाईंचा आवाज जाड, थांबत थांबत येणारा. अर्फा ऐकायची आणि मला सांगायची.

"त्या म्हणतात, खाणी चालू होत्या तेव्हा त्यांच्या चाळीत पातेली दारोदार फिरायची. कुणाचा नवरा खाली अडकला, तर शेजारीण रांधायची. त्यांची आई रिकामं भांडं कधीच देत नसे. मग खाणी मिटल्या, चाळ पांगली. आजारपण, म्हातारपण सरकार बघू लागलं. कुणाचं ओझं होऊन राहायचं नाही, ह्यातच माणसाची शान, असं सगळे मानू लागले."

"मग वाडगा?"

अर्फाने विचारलं.

"म्हणतात, पोरगी शिकायला आलीय, तिला देण्याघेण्याच्या फेऱ्यात कशाला गुंतवू, म्हणून रिकामा दिला." अर्फाचा आवाज बारीक झाला. "आणि पुढे कितीतरी दिवस वाट बघितली, की मी पुन्हा भरून आणेन."

मी थक्क होऊन बसले. माझं माहेर कृष्णेकाठचं. लहानपणी रोज नदीवर जायची, पण ती केवढी वळणं घेते ते मला शाळेच्या सहलीत कळलं, मुलींना घेऊन पाचगणीच्या पठारावर उभी राहिले तेव्हा. त्या दुपारी तसंच झालं. एका काचेच्या वाडग्यात एका मुलखाची ऐंशी वर्षं मावली होती. खाणी, सरकार, शान, एकटेपण. एर्नाबाईंना विचारल्याशिवाय ती दिसली नसती. पण अर्फाने ते सिद्धांत वाचले नसते, तर एका वाडग्यापाशी कोण थांबलं असतं? माणसांनी बसून असं शास्त्र उभं केलं, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं. अजून वाटतं.

अर्फाने त्याच रात्रीपासून प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. ऑगस्टअखेर ती परत गेली. पुढल्या वर्षी तिला पदवी मिळाली. आता तिकडेच शिकवते. वाजिद दुकानात येणाऱ्या बायकांना सांगतो, "आमची अर्फा डॉक्टर आहे, पण वाडग्याची."

लीलाबाई तेरावं उरकून आल्या आणि आधी आमचा डबा मागून नेला, भरून आणायला. आता त्यांचे गुडघे गेलेत. डबे अंकिता आणते. मागच्या खेपेला त्यात पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या होत्या.

एर्नाबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांनी पुढे वाडगा भरून दिला असं नाही. शेवटपर्यंत तो धुऊन, पुसून रिकामाच देत राहिल्या, आणि अर्फा दर रविवारी तो भरून नेत राहिली.