टेकल्या डोक्यांची भिंत

हॉलच्या भिंतीला मॅट रंग लावायचा की चकचकीत, हे सावित्रीचा धाकटा दीर रितेश मुंबईत बसून ठरवत होता. रत्नागिरीजवळच्या ह्या घरात तो यायचा गणपतीपुरता, त्यातलेही अर्धे दिवस घोरण्यात घालवायचा, आणि बाकीचं वर्षभर व्हॉट्सॲपवरून घर चालवायचा.

"वहिनी, सगळीकडे मॅट. चकचकीत भिंत म्हणजे सलून वाटतं."

"आणि तुमची भजनी मंडळी? ती काय हवेत टेकतात?"

प्रश्न रास्त होता. गणपतीत वाडीतलं भजन घरोघर फिरतं, आणि टाळ कुटून दमलेला माणूस मागच्या भिंतीला खुशाल डोकं टेकतो. डोक्याला खोबरेल चोपडलेलं. गणपती गेले की भिंतीवर काळपट गोल ओळीनं उरतात. देव जातो, भक्त काही जात नाहीत! त्यातून मॅट रंग तेल पितो, आणि घासायला जावं तर रंगच निघून येतो. घासणार कोण? सावित्री. रितेशला काय, फोटोपुरती भिंत छान दिसली की झालं.

लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. लाद्या दिरानं ठरवल्या, पंखे सासऱ्यांनी, आणि संडासाचं तोंड कुठल्या दिशेला, ते तर ज्योतिषानं. ही एक भिंत तरी आपल्या म्हणण्यासारखी व्हावी, असं तिला अगदी पोटातून वाटत होतं.

तिचा नवरा सखाराम फोनवर भावाला "होय होय" म्हणायचा आणि जेवताना बायकोला "होय गो" म्हणायचा. शेवटी दोघांच्या कात्रीत सापडल्यावर त्यानं तोडगा काढला. खाली डोकं टेकतं तिथपर्यंत चकचकीत ऑइल पेंट, त्याच्यावर मॅट.

"पण डोकं टेकतं कुठपर्यंत?" जमाल रंगाऱ्यानं विचारलं.

"अंदाजानं धर," सखाराम म्हणाला.

"अंदाज बिंदाज नाय," सावित्री म्हणाली. "बोलवा सगळ्यांना."

संध्याकाळी अख्खं भजन हॉलात येऊन भिंतीला ओळीनं बसलं. जमाल पेन्सिल घेऊन एकेका डोक्याच्या वर भिंतीवर रेघ मारत चालला. म्होरके रावजी बुवा पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले.

"बुवा, रोज बसता तसे बसा," सावित्री म्हणाली. "एवढे ताठ तुम्ही आरतीलापण नसता."

सगळे खिदळले. बुवा मुकाट्यानं वीतभर खाली घसरले. शेजारच्याला तर टेकल्या टेकल्या खरोखरच डुलकी लागली.

"वहिनी, तुमची खूण कुठं मारू?" जमालनं सहज विचारलं.

सखाराम हसला. "तिची कसली खूण? ती कुठं हॉलात बसते? भजन चालू असतं तेव्हा तिचा चहा चालू असतो."

तो काही टोचून बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता, आणि म्हणूनच सावित्रीला भडभडून आलं. भिंत पुसून पुसून हात झिजले, पण त्या भिंतीला पाठ म्हणून कधी लागली नव्हती. मग तिला राग आला, सणसणीत.

"सरका हो बुवा," म्हणत ती मध्ये घुसली, फतकल मारून बसली आणि तिनं डोकं मागं टेकलं. समोरच गणपतीची जागा होती, थेट नजरेसमोर. आजवर तिनं तो स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला होता, एका बाजूनं, एकच कान दिसेल असा. आणि हे मेले इथं बसून अख्खा बघत होते!

"मार खूण, जमाल."

जमालनं रेघ मारली.

"चहा उतू जातोय गो," सखाराम म्हणाला.

"मग उठा की."

सगळं भजन त्याच्याकडे बघायला लागलं. सखाराम उठला आणि आत गेला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, पण सावित्री हलली नाही.

"म्हणजे ह्या रेघांपर्यंत ऑइल पेंट," जमाल म्हणाला. "नक्की ना?"

"नक्की. फक्त माझ्या डोक्यामागं तेवढं मॅट लाव."

"वहिनी, मॅटवर पडलेला तेलाचा डाग जायचा नाय."

"नकोच जायला," डोकं न उचलता सावित्री म्हणाली.